शिडी कशाला

जिबूतीच्या धक्क्यावर आज पाच झेंडे.
स्पेनचं फ्रिगेट, कोरियाचं एक, एक जपानी,
इटलीवाल्यांचं डागडुजीला लागलेलं,
आणि पाचवं कुणाचं ते मलाही सांगता येत नाही,
वारा पडलाय, झेंडा दांड्याला गुंडाळून झोपलाय.

मी वर्सामे. दुभाष्या.
माझ्या छातीवर कुठलाच देश शिवलेला नाही.
प्लास्टिकचं ओळखपत्र तेवढं,
त्यावरचा फोटो मिशी ठेवायच्या आधीचा.
काम चॅनल सोळावर.
वरून हुकूम येतो, "कृपया आपली दिशा बदला."
सोमालीत ते तसंच म्हटलं तर कुणी वळत नाही.
मी म्हणतो, "वलाल, भावा, इकडे नको येऊस."
भावा हा शब्द हुकुमात नसतो.
तो मी पदरचा घालतो.

समुद्रावर एक रस्ता आहे, पाण्याला तो माहीत नाही.
नकाशात दोन पट्टे, एक जायचा, एक यायचा,
मध्ये दोन मैल मोकळे.
जहाजं ठरल्या वेळी जमतात,
गव्हाचं, तेलाचं, कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या सोफ्यांचं,
आणि सगळ्यांत मंद जहाजाच्या चालीने
सगळी निघतात.
कठड्यांना काटेरी तारा.
तारांमागे उभे पुतळे:
बॉयलर सूट, आत चिंध्या, डोक्यावर हेल्मेट,
लांबून पहारेकरी वाटावेत म्हणून.
रोडेल नावाचा फिलिपिनो कुक धक्क्यावर भेटला होता.
म्हणाला, आमच्या एका पुतळ्याला
आम्ही कंपनीच्या मालकाचं नाव ठेवलंय.
तेवढाच तो आमच्याबरोबर जागतो.

पहाटे तीननंतर रडारवर एक कण आला.
आधी लाट वाटली. लाट इतकी सरळ येत नाही.
सर्चलाइटमध्ये होडी, दोन इंजिनं, पाच माणसं,
पेट्रोलची पिंपं,
जाळं एक, कोरडंठाक,
आणि आडवी ठेवलेली शिडी, टोकाला लोखंडी आकडे.
लेफ्टनंट इट्सियार म्हणाली, "विचार, शिडी कशाला?"
मी विचारलं.
होडीत खसखस पिकली.
म्हातारा होता एक, नाव कूल्मिये सांगितलं,
म्हणाला, "घरी दिवा बदलायचाय."
जमीन चाळीस मैलांवर.
मी इंग्रजीत सांगितलं, घरगुती वापरासाठी, म्हणतोय.

मग तो हसायचा थांबला आणि बोलत राहिला,
परदेशी ट्रॉलर कसे दिवे मालवून येतात,
तळ कसा खरवडून नेतात, अंड्यांसकट,
त्याच्या पोराने जाळं विकून फोन घेतला ते,
"कुंपण तुम्ही घातलंत, भावा,
शेत कोण खातंय तेही बघा की जरा."
इट्सियार वाट बघत होती.
बंदुकीवरचा पोरगा जांभई दाबत होता.
मी म्हणालो, "मासे नाहीत म्हणतोय."
एवढंच.

हुकूम झाला, शिडी पाण्यात टाका आणि परत फिरा.
टाकली त्यांनी.
लाकडी होती, बुडेना.
आकड्यांच्या वजनाने एक टोक खाली गेलं
आणि शिडी समुद्रात उभी राहिली,
दोन पायऱ्या वर, बाकीच्या खाली,
जणू तळातून कुणी चढून येणार होतं.
होडी गेली. काफिला आला.
शिडीच्या बाजूने सावकाश गेलं एक जहाज,
पाच मजले कंटेनर,
आणि कठड्याशी कुणाचा तरी मालक, चिंध्यांचा,
डोळे न मिटता.
नोंदवहीत इट्सियारने लिहिलं: घटना नाही.
खोटं नव्हतं ते.

आठ दिवसांनी घरी आलो
तर जिन्यातला दिवा गेलेला.
आई म्हणाली, रोज अंधारात चाचपडत चढते मी.
शेजारच्या हस्नाबाईंचं दार वाजवलं,
म्हटलं, तुमची शिडी द्याल का थोडा वेळ?
त्यांनी फटीतून बघितलं. "शिडी? कशाला?"

उत्तर अगदी सोपं होतं.
मला ते द्यायला जरा वेळ लागला.